फराळाचे मेल दरवर्षी स्पॅममध्ये जातात: दुखणं तेच, कारण दरवेळी नवीन

गणपती उठले की आठवड्याभरात वहिनींचा फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भाऊजी, परत तेच झालंय बघा." काय झालंय हे विचारायचीही गरज नसते. डोंबिवलीत त्यांचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे, बराचसा माल परदेशात जातो, अमेरिका, इंग्लंड, दुबई, ऑस्ट्रेलिया, तिकडची गिऱ्हाइकं वेबसाइटवर ऑर्डर टाकतात, पैसे भरतात, आणि मग इकडून मेल जातात, ऑर्डर मिळाल्याचा एक, बिलाचा एक, डबा कुरिअरला दिला की ट्रॅकिंग नंबरचा एक. शिवाय वर्षातून एकदा सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना "यंदाचं बुकिंग सुरू झालं" असा मेल. हे मेल लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात, त्यांना वाटतं बाई पैसे घेऊन गायब झाली, आणि न्यू जर्सीहून कोणीतरी त्यांच्या दुपारी म्हणजे आपल्या रात्री दीड वाजता फोन करून ओरडतं.

चार दिवाळ्या हे चाललं. दरवर्षी मी दुरुस्त करायचो, मेल इनबॉक्समध्ये जायला लागायचे, सगळे खूष, आणि पुढच्या वर्षी परत फोन. मला आधी वाटायचं की मागच्या वर्षी केलेलं कोणीतरी बिघडवतंय. तसं नव्हतं, बाहेरून लक्षण एकच दिसत होतं पण आतलं कारण चारही वेळा वेगळं निघालं. ताप आला म्हणून दरवेळी मलेरियाच असतो का, तसंच हे.

पहिल्या वर्षी मी तेच केलं जे सगळे करतात, मेलचा मजकूर बदलत बसलो. "फ्री डिलिव्हरी" काढलं, "धमाका" काढलं, उद्गारचिन्हं काढली, लाल रंगातली अक्षरं काळी केली, दोन रात्री त्यात गेल्या आणि फरक शून्य. मजकुराला काहीच किंमत नाही असं मी म्हणत नाही, पण तो सगळ्यात शेवटी बघायचा. आधी बघायचं ते हे की मेल ज्याच्या नावानं गेलाय त्याच्याकडूनच गेलाय हे समोरच्या सर्व्हरला पटतंय का.

ते बघायला काही विकत घ्यावं लागत नाही. अगदी त्याच रस्त्यानं एक मेल स्वतःच्या जीमेलवर मागवा, म्हणजे वेबसाइटचा मेल असेल तर खरोखर एक छोटी ऑर्डर टाका, हातानं पाठवलेला टेस्ट मेल चालणार नाही कारण तो वेगळ्या रस्त्यानं येतो. मग तो मेल कॉम्प्युटरवर उघडून उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा, शो ओरिजिनल म्हणून आहे ते निवडा, वरती एक छोटा तक्ता दिसेल, त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी आणि प्रत्येकीपुढे पास किंवा फेल. आउटलुकवाल्यांना मेसेज सोर्स उघडून ऑथेंटिकेशन रिझल्ट्स ही ओळ शोधावी लागते, माहिती तीच असते. आणि स्पॅम फोल्डरमधला मेल उघडला की जीमेल वरती एक पट्टी दाखवतं, हा इथे का आलाय असं सांगणारी, ती लोक वाचतच नाहीत. ती वाचा. दरवेळी ती कामाचं सांगते असं नाही, पण "पाठवणाऱ्याची खात्री करता आली नाही" अशा अर्थाचं असलं तर पुढचा अर्धा शोध वाचतो.

आता ही तीन भुतं काय आहेत ते वहिनींना मी फराळाच्या डब्यावरूनच समजावलं होतं. मेल पाठवायची जी मूळ पद्धत आहे, एसएमटीपी, ती १९८२ सालची, तेव्हा इंटरनेटवर मोजकी माणसं, सगळ्यांचा एकमेकांवर विश्वास, त्यामुळे फ्रॉमच्या जागी कोणीही कोणाचंही नाव लिहावं, तपासणार कोणी नाही. म्हणजे डब्यावर "वहिनींचा फराळ" असं स्टिकर कोणीही छापून चिकटवू शकतो. मग पुढे तीन उपाय निघाले. एसपीएफ म्हणजे वहिनींनी स्वतःच्या दारावर जाहीर लावलेली यादी, की माझा माल फक्त ही ही पोरं पोचवतात, आणि ज्याच्याकडे डबा आला तो ती यादी बघून ठरवतो की आणणारा पोरगा त्यात आहे का. डीकेआयएम म्हणजे डब्यावरचं सील, मध्ये कोणी फोडलं किंवा आत काही बदललं तर कळतं. आणि डीमार्क म्हणजे दोन गोष्टी, एक तर स्टिकरवरचं नाव आणि पोराचं किंवा सीलवरचं नाव जुळतं का हे बघ, आणि नाही जुळलं तर काय कर ही वहिनींची सूचना, असू दे, बाजूला ठेव, किंवा परत पाठव. इंग्रजीत नन, क्वारंटाइन, रिजेक्ट. ही यादी, सीलची ओळख आणि सूचना तिन्ही आपल्या डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, डीएनएसमध्ये (त्या नावाची माहिती जगाला सांगणारी जाहीर नोंदवही) टीएक्सटी रेकॉर्ड म्हणजे साध्या मजकुराची नोंद म्हणून टाकायच्या असतात, जिथून डोमेन घेतलं त्या पॅनलमध्ये.

एक बारीक गोष्ट इथे बहुतेकांची निसटते. मेलला पाठवणाऱ्याचे पत्ते दोन असतात. एक फ्रॉम, जो माणसाला दिसतो, आणि दुसरा रिटर्न-पाथ, पाकिटावरचा, मेल पोचला नाही तर जिथे परत यायचा तो. एसपीएफ हा दुसरा पत्ता तपासतं, दिसणारा नाही. त्यामुळे तक्त्यात एसपीएफ पास आणि डीमार्क फेल असं दिसलं की डोकं खाजवू नका, पोरगा यादीत आहे पण दुसऱ्याच कोणाच्या यादीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे माझ्या चौथ्या वर्षाच्या फजितीत परत येणार आहे.

तर पहिलं वर्ष. वेबसाइट वर्डप्रेसवर, स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर बऱ्याच जणांच्या वेबसाइट, आणि मेल जात होते होस्टिंगच्या सर्व्हरवरच्या साध्या पीएचपी मेलमधून. फ्रॉममध्ये मात्र वहिनींचा जीमेलचा पत्ता, कारण लोकांना तोच माहितीये. म्हणजे कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरवरून मेल निघतोय आणि सांगतोय की मी जीमेलकडून आलो, आणि पोचतोय जीमेलच्याच दारात! गूगलनं फेब्रुवारी २०२४ पासूनच्या नियमांत तर स्पष्टच लिहिलं की फ्रॉममध्ये जीमेलचा पत्ता घालून बाहेरून पाठवू नका, आणि याहूनं स्वतःच्या पत्त्यांसाठी हे दार एप्रिल २०१४ लाच बंद केलं होतं, रिजेक्ट लावून. उपाय सरळ होता. स्वतःच्या डोमेनवर मेलबॉक्स घेतला, वर्डप्रेसमध्ये एसएमटीपीचं प्लगिन टाकलं, पोर्ट ५८७ वरून लॉगिन करून मेल जातील असं केलं, आणि फ्रॉम आपल्या डोमेनचा. जीमेलवरच उत्तरं हवी असतील तर तो पत्ता रिप्लाय-टू मध्ये घालायचा, तिथे चालतो. वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्मचं पण तेच, बऱ्याच फॉर्ममध्ये फ्रॉमला गिऱ्हाइकाचाच पत्ता लावून ठेवलेला असतो, मग चौकशीचा मेल आपल्याच स्पॅममध्ये जातो आणि आपण म्हणतो यंदा चौकशी कमी आहे. तो पत्ता पण रिप्लाय-टू मध्ये.

दुसऱ्या वर्षी तक्त्यात एसपीएफपुढे फेल पण नव्हतं, पर्मएरर असं लिहिलेलं, म्हणजे रेकॉर्डच चुकलंय, तपासताच येत नाही. झालं असं की दादानं मधल्या काळात नवीन बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं, त्यांच्या सपोर्टवाल्यानं फोनवर सांगितलं "हे एसपीएफ रेकॉर्ड ॲड करा सर", आणि दादानं आज्ञाधारकपणे ॲड केलं. जुनं होतंच, त्याखाली नवीन. आता नियम असा आहे की एका डोमेनला एसपीएफचं रेकॉर्ड एकच असायला पाहिजे, दोन दिसली की तपासणारा कुठलं खरं ते ठरवत बसत नाही, दोन्ही बाद करतो. म्हणजे नवीन सॉफ्टवेअरचे मेल तर सोडाच, जे आधी नीट जात होते तेही गेले. तुमच्याकडे एसपीएफ बिघडलेलं असेल तर आधी हेच बघा, पॅनलमध्ये v=spf1 नं सुरू होणाऱ्या ओळी मोजा. दोन असतील तर दोन्हीतले इन्क्लूड, म्हणजे "या सर्व्हिसची यादी पण माझीच धरा" असं सांगणारे शब्द, एकाच ओळीत घ्या आणि दुसरी उडवा.

त्याच ओळीत अजून दोन भानगडी. पहिली म्हणजे ती ओळ तपासताना जास्तीत जास्त १० वेळा डीएनएसला विचारायला परवानगी आहे, आणि प्रत्येक इन्क्लूड मोजला जातो, इन्क्लूडच्या पोटातले इन्क्लूड पण मोजले जातात, त्यामुळे पाच-सहा सर्व्हिसेस जोडल्या की आकडा कधी ओलांडतो कळत नाही आणि परत तोच पर्मएरर. दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या होस्टिंगचं नाव अजून तिथे बसलंय का बघा, असणारच, काढून टाका. थेट आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता, लिहिला तर तो या दहात मोजत नाहीत. दुसरी भानगड शेवटच्या शब्दाची, ऑल. त्याच्या आधी वजा असेल तर यादीबाहेरचा कोणी माझा नाही, नागमोडी टिल्डे असेल तर बहुतेक माझा नाही, आणि अधिक असेल तर जगातला कोणीही माझाच. हे अधिकवालं मी एका दुकानाच्या डोमेनवर प्रत्यक्ष पाहिलंय, कोणीतरी वैतागून "एकदाचं पास होऊ दे" म्हणून टाकलं असणार.

डीकेआयएमनं त्या वर्षी माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला आणि चूक हास्यास्पद होती. सील ओळखायची किल्ली एका ठरावीक नावाखाली टाकायची असते, आधी सिलेक्टर म्हणजे त्या किल्लीचं नाव, मग अंडरस्कोअर डोमेनकी, मग आपलं डोमेन. मी पूर्ण नाव पेस्ट केलं. पण आमचं पॅनल शेवटी डोमेन आपणहून जोडतं, त्यामुळे रेकॉर्ड तयार झालं ज्यात डोमेनचं नाव दोनदा. पॅनलमध्ये सगळं हिरवं दिसतंय, टिक आहे, आणि जगाला ते रेकॉर्ड सापडत नाहीये. टाकून झालं की बाहेरच्या एखाद्या डीएनएस तपासणाऱ्या साइटवरून बघा, आपल्या पॅनलवर विश्वास ठेवू नका. आणि २०४८ बिटांची किल्ली लांब असते, टीएक्सटी मध्ये एका सलग तुकड्याला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, काही पॅनल स्वतःच तुकडे करतात, काही चुपचाप शेपूट कापतात, तेव्हा शेवटची अक्षरं मूळ किल्लीशी ताडून बघा. बदल केल्यावर अर्ध्या तासात परत परत बदलू नका, जुनी माहिती ठिकठिकाणी साठलेली असते, ती किती वेळ टिकणार ते टीटीएलवर असतं. मी आता काही बदलायचं असलं की आदल्या दिवशी टीटीएल ३०० सेकंदांवर आणून ठेवतो.

तिसरं वर्ष म्हणजे २०२४ ची दिवाळी, आणि खरा घाम तेव्हा फुटला, कारण तक्त्यात तिन्ही पास. पास, पास, पास, आणि मेल स्पॅममध्ये. इथे बरीच माणसं जीमेलला शिव्या घालून सोडून देतात. पण पास याचा अर्थ फक्त एवढाच की मेल खरंच तुमचाच आहे. तुम्ही माणूस कसे आहात हा वेगळा प्रश्न. खरा खरा ओळखपत्रवाला माणूस पण रोज दुपारी बेल वाजवून त्रास देत असेल तर लोक दार उघडत नाहीतच ना.

मग मी वहिनींना विचारलं की बुकिंगचा मेल नेमका कोणाकोणाला जातो. तर एक एक्सेल फाइल, धंदा सुरू झाल्यापासूनचे सगळे पत्ते, एकदा दोनशे ग्रॅम चिवडा नेलेल्या माणसापासून ते प्रदर्शनाच्या स्टॉलवर वहीत नाव लिहून गेलेल्या बाईपर्यंत. त्यात रेडिफमेल, हॉटमेल, लोकांचे जुन्या नोकरीतले ऑफिसचे पत्ते. अकरा महिने या डोमेनवरून दिवसाला चार-पाच मेल जाणार आणि मग सप्टेंबरच्या एका सोमवारी सकाळी दहा वाजता एकदम हजारो. हे बाहेरून बघणाऱ्या मशीनला कसं दिसतं विचार करा, खातं हॅक झाल्यावर अगदी असंच होतं. वर त्यातले ढीगभर पत्ते मेलेले, म्हणून बाउन्स, म्हणजे मेल न पोचता परत. गूगलनं डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढायला सुरुवात केली, त्यामुळे आदल्या वर्षीपर्यंत निदान पोचत तरी होते ते जीमेलचे पत्ते पण बाउन्स व्हायला लागू शकतात. आणि बाउन्सपेक्षा वाईट म्हणजे काही फार जुने मेलेले पत्ते सापळा म्हणून वापरतात, त्यावर मेल आला की पाठवणारा यादी साफ करत नाही हे आपोआप सिद्ध.

आणि सगळ्यात महागात पडतं ते रिपोर्ट स्पॅमचं बटण. गूगलचे जे नियम फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाले, त्यात लिहिलंय की स्पॅम तक्रारीचं प्रमाण ०.१० टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३० ला कधी पोचू देऊ नका. हजार माणसांत तिघांनी ते बटण दाबलं की गेलात! त्या नियमांतल्या काही अटी दिवसाला जीमेलवर ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांसाठीच आहेत, आमचा आकडा तेवढा नव्हता, पण तक्रारीच्या प्रमाणाची अट लहानांनाही आहे. मायक्रोसॉफ्टनं पण ५ मे २०२५ पासून त्यांच्या आउटलुक, हॉटमेलच्या ग्राहकांसाठी असेच नियम मोठ्या पाठवणाऱ्यांना लावले.

आमच्या मेलमध्ये अनसबस्क्राइबच नव्हतं. यावर वहिनींशी चांगलाच वाद झाला.

"मी काय म्हणते भाऊजी, नको म्हणायचं बटण आपण आपल्या हातानं कशाला द्यायचं?"

"तुम्ही नाही दिलं तरी जीमेलनं दिलेलंच आहे, त्याचं नाव रिपोर्ट स्पॅम. तुमचं बटण दाबलं तर एक गिऱ्हाईक जातं, त्यांचं दाबलं तर बाकीच्यांचे मेल पण अडकतात."

"मग ते अगदी खाली बारीक अक्षरात टाका."

नाही टाकलं बारीक. उलट वरती टाकलं, आणि हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या न दिसणाऱ्या वरच्या ओळींत, एका क्लिकचं अनसबस्क्राइब पण, म्हणजे जीमेल स्वतःच पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ते दाखवतं. याचं स्टँडर्ड २०१७ पासून ठरलेलं आहे आणि मोठ्या पाठवणाऱ्यांना जाहिरातीच्या मेलसाठी आता सक्तीचं आहे, दोन दिवसांत नाव निघालं पाहिजे हीसुद्धा अट. ढीगभर मेल पाठवायच्या कुठल्याही बऱ्या सर्व्हिसमध्ये हे आयतं मिळतं. जीमेलमधून बीसीसी करून पाठवाल तर मिळत नाही, शिवाय साध्या जीमेल खात्याला दिवसाला ५०० ची मर्यादा आहे, ती ओलांडली की खातं एक दिवस गप्प, तेही ऐन सीझनमध्ये.

बाकी काय केलं ते सांगतो, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. एक्सेल कापली. गेल्या दोन वर्षांत ज्यांनी काही घेतलंय किंवा उत्तर दिलंय ते ठेवले, बाकी सगळे बाजूला, वहिनींना ते सोनं टाकून दिल्यासारखं वाटलं पण त्या पत्त्यांवरून ऑर्डर किती आल्या ते काढून दाखवल्यावर गप्प बसल्या. मग पाठवायचा क्रम बदलला, मेल एकदम सप्टेंबरात न टाकता जुलैपासून थोडे थोडे, पहिले ते लोक जे दरवर्षी न चुकता घेतात, कारण ते उघडतात, उत्तर देतात, आणि तेच समोरच्या सर्व्हरला दिसतं की या माणसाचे मेल लोकांना हवेत. पहिल्या मेलमध्ये विकायचं काहीच नाही, नुसतं विचारलं होतं की यंदा अनारसे साखरेचे हवेत की गुळाचे. त्याला जी उत्तरं आली! एका काकूंनी तर त्यांच्या आईची कृती लिहून पाठवली. मेल पोचवायच्या दृष्टीनं या उत्तरांची किंमत मी दहा टेक्निकल गोष्टींपेक्षा जास्त धरतो. पाठोपाठ दर दोन-तीन दिवसांनी थोडे जास्त लोक, बाउन्स आला की तो पत्ता लगेच यादीतून बाहेर. आणि जाहिरातीचे मेल वेगळ्या सबडोमेनवरून, म्हणजे आपल्याच डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेल्या नावावरून, ऑर्डर-बिलाचे मुख्य डोमेनवरून, म्हणजे एकाचा राग दुसऱ्यावर कमी निघतो. कमी म्हणतोय, अजिबात नाही असं नाही.

गूगलचं पोस्टमास्टर टूल्स आहे, फुकट आहे, डोमेन जोडून ठेवा, पण आमच्यासारख्या थोड्या मेलवाल्यांना तिथे बहुतेक दिवस कोरं पान दिसतं, कारण थोड्या आकड्यांवर ते काही दाखवत नाहीत. कोरं आहे म्हणून घाबरू नका.

चौथं वर्ष माझ्या स्वतःच्या अतिहुशारीचं. आता सगळं जमलंय अशा मस्तीत मी उन्हाळ्यात डीमार्कची सूचना नन वरून थेट रिजेक्ट केली. कुठेतरी वाचलं होतं की रिजेक्ट असलं की बरं दिसतं. सप्टेंबरात फोन आला तेव्हा मी ठामपणे म्हटलं की शक्यच नाही, सगळं नीट आहे. नीट होतं ते वेबसाइटचं. बिलिंग सॉफ्टवेअर आठवतंय ना, दादावालं, ते मेल पाठवताना फ्रॉम आमचा लावायचं, पण पाकिटावरचा पत्ता स्वतःचा आणि सील पण स्वतःच्या कंपनीचं. म्हणजे एसपीएफ पास, डीकेआयएम पास, पण दोन्ही त्यांच्या नावानं, स्टिकर मात्र आमचं, त्यामुळे डीमार्क फेल. दुसऱ्या वर्षी मी त्यांचा इन्क्लूड आमच्या ओळीत इमानदारीत जोडला होता, त्याचा इथे काडीचा उपयोग नव्हता कारण तपासणी आमच्या यादीची होतच नव्हती. आणि नन असेपर्यंत फेल होऊनसुद्धा चालून जात होतं, रिजेक्ट मी लावलं, म्हणजे बिलं परत पाठवायची सूचना मीच सगळ्या जगाला दिलेली. काहींकडे मेल स्पॅममध्ये, काहींकडे पोचलाच नाही.

हे आधी कळलं असतं. डीमार्कच्या ओळीत आरयूए म्हणून एक पत्ता देता येतो, त्यावर मोठे मेलवाले रोजचा हिशोब पाठवतात, तुमच्या नावानं कुठकुठल्या सर्व्हरवरून किती मेल आले आणि किती जुळले. मी पत्ता दिलाही होता, रिपोर्ट येतही होते, एक्सएमएलच्या झिप फायली, त्या उघडून वाचायचा कंटाळा म्हणून एका फोल्डरमध्ये ढकलून दिल्या होत्या. नुसत्या डोळ्यांनी त्या वाचवत नाहीत हे खरं, पण त्यांचा तक्ता करून देणाऱ्या साइट्स आहेत, एकदा जोडून टाकायचं. निदान महिनाभर नन ठेवून हे बघा, तुमच्या नावानं मेल पाठवणारे सगळे कोण ते गोळा करा, पगाराच्या स्लिपा पाठवणारं सॉफ्टवेअर, कुरिअरचं पॅनल, सीएच्या ऑफिसातलं काहीतरी, एक ना एक विसरलेलं निघतंच. मग क्वारंटाइन, आणि मग वाटलं तर रिजेक्ट. बिलिंगवाल्यांच्या सेटिंगमध्ये शोधल्यावर "स्वतःचं डोमेन ऑथेंटिकेट करा" असं पान सापडलं, दोन रेकॉर्ड टाकल्यावर ते आमच्या नावाचं सील लावायला लागले. दहा मिनिटांचं काम.

याच निमित्तानं एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचं कोडं पण सुटलं. त्यांनी दिलेला पत्ता त्यांच्या जुन्या युनिव्हर्सिटीचा, तिथून मेल आपोआप त्यांच्या जीमेलवर फॉरवर्ड. फॉरवर्ड झाला की पोचवणारा पोरगा बदलतो, तो आमच्या यादीत नसतो, एसपीएफ बहुतेक तुटतंच, आपण काही करू शकत नाही. पण सील शाबूत राहतं, आत कोणी बदल केला नाही तर. म्हणून एसपीएफ आहे ना मग डीकेआयएम कशाला असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

आता किरकोळ गोष्टी पटापट. डिझायनरनं करून दिलेला अख्खा मेल म्हणजे एकच मोठं चित्र, आणि त्यात एक अक्षर टेक्स्ट नाही, हे टाळा, स्पॅमवाले हेच करतात. मेल १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो खालून कापतं, आणि अनसबस्क्राइब खालीच असेल तर तेच कापलं जातं. लिंक छोटी करणाऱ्या साइटच्या लिंका नको, सरळ आपल्या डोमेनची पूर्ण लिंक द्या. मराठी विषय लिहिला म्हणून मेल स्पॅममध्ये जातो हा समज खोटा, आमचे विषय सगळे मराठीत असतात. पण युनिकोडच हवं. दादाच्या एका जुन्या बिलाच्या टेम्प्लेटमध्ये शिवाजी फॉन्टात टाइप केलेला मजकूर होता, समोरच्याला तो इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन घोळ दिसायचा, त्याला स्पॅम म्हणणाऱ्या मशीनचा तरी काय दोष.

ब्लॅकलिस्टचा एक गैरसमज सांगतो कारण त्यावरून दादाची झोप उडाली होती. त्यानं घरच्या वायफायचा आयपी कुठल्याशा साइटवर टाकून बघितला आणि स्पॅमहाउसच्या, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या ठेवणाऱ्या संस्थेच्या, पीबीएल यादीत नाव आलं. ती यादी घरगुती कनेक्शनांची आहे, या आयपीवरून थेट मेल सर्व्हर चालवू नये एवढंच ती सांगते, त्यात असणं अगदी नॉर्मल. बघायचा असतो तो मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा आयपी, तो शो ओरिजिनलमध्ये एसपीएफच्या ओळीतच मिळतो. तो एसबीएलसारख्या, म्हणजे खरोखर स्पॅम पाठवणाऱ्यांच्या, यादीत असेल आणि होस्टिंग शेअर्ड असेल तर शेजाऱ्यानं घाण केलीय, होस्टिंगवाल्याला तिकीट टाका, आणि हलत नसेल तर मेल दुसऱ्या सर्व्हिसवर न्या, वेबसाइट तिथेच राहू दे, दोन्ही एका जागी असायची गरज नसते. स्वतःचा मेल सर्व्हर मात्र हौस म्हणून उभा करू नका, उलटा डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद), आयपीची पत सांभाळणं, फराळाच्या सीझनमध्ये हे कोण करणार.

आणि एक साधा उपाय जो करायला लाज वाटते पण चालतो. ऑर्डर झाल्यावर येणाऱ्या पानावर आम्ही मोठ्या अक्षरात लिहिलंय, "पाच मिनिटांत मेल आला नाही तर स्पॅममध्ये बघा, तिथे असेल तर नॉट स्पॅम दाबा." ज्यानं दाबलं त्याच्याकडे पुढचे मेल सहसा सरळ जातात.

एक केस अजून सुटलेली नाही. सिंगापूरच्या एक ताई ऑफिसचाच पत्ता देतात, त्यांच्या कंपनीच्या मेलपुढे काहीतरी कडक फिल्टर बसवलाय, आमच्याकडे मेल स्वीकारल्याचं दिसतं, बाउन्स नाही, त्यांच्या स्पॅम फोल्डरमध्येही नाही, मध्येच कुठेतरी अडकवून ठेवतात. तो त्यांच्या आयटीवाल्यांनीच आतून सोडवायला लागतो, बाहेरून आपण काहीही केलं तरी तिथे हात पोचत नाही. वैयक्तिक पत्ता द्या म्हटलं तर ताई म्हणतात, तो मी उघडतच नाही. त्यांचं बिल वहिनी व्हॉट्सॲपवर पाठवतात.